मायलीनने आणलेला पीएसए

माझ्या नवऱ्याच्या, मोगिंगच्या पंच्याहत्तरीला डुक्कर किती किलोचं आणायचं यावरून घरात आठवडाभर भांडण चाललं, आणि ते मीच जिंकले. पंचेचाळीस किलोचं आणलं. माझा थोरला रोदेल बोटीवर इंजिन सांभाळतो. दहा महिने समुद्रावर, दोन महिने माझ्या डोक्यावर. तो म्हणाला, "नानाय, तीस किलो पुष्कळ होईल." मी म्हटलं, "तुझ्या बोटीवर तू मोज. शेजाऱ्यांकडे वाडगे पाठवायला उरलं नाही, तर गावात खाली मान घालून मला फिरायचंय, तुला नाही."

डुकराचं भांडण बरं होतं. त्या गोंगाटात दुसरं काही बोलावं लागत नव्हतं.

दुसरं म्हणजे सोमवार. सोमवारी मोगिंगला घेऊन इलोइलोला डॉक्टर गाल्लेगोबाईंकडे जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या नवऱ्याचं प्रोस्टेट कापून काढलं, कॅन्सरसकट. तेव्हापासून ठरल्या महिन्यांनी रक्त द्यायचं, आणि रक्तात पीएसए नावाचं काहीतरी किती आहे त्याचा आकडा यायचा. तीनदा आला 'शून्य पॉइंट एकपेक्षा कमी'. तीनदा मी चर्चला मेणबत्ती लावली. चौथ्यांदा, तीन महिन्यांपूर्वी, आला शून्य पॉइंट दोन.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. शून्याच्या पुढे टिंब देऊन लोक काय लिहितात ते मला कुणी शिकवलं नाही. पण बारीक गोष्टी मला दिसतात. लग्नाआधी मी बांगुस माशाची पिल्लं मोजायची. केसाएवढी, काचेसारखी, दोन डोळ्यांचे दोन ठिपके तेवढे खरे. वाटीत घेऊन, मोजणीचं गाणं म्हणत, दिवसाला दहा हजार. एक चुकत नव्हतं. म्हणून मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "दोन म्हणजे थोडं ना? मग एवढं तोंड का पाडता?"

म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे सगळेच नानाय, म्हणजे आई म्हणतात. त्या म्हणाल्या, "नानाय, हे बनवणारी ग्रंथीच आपण काढून टाकलीये. मग रक्तात ते असायलाच नको. थोडंसुद्धा."

"म्हणजे तळं उपसलं," मी म्हटलं, "तळ उन्हात तडकेपर्यंत वाळवला, आणि तरी कुठल्या तरी डबक्यात शेपटी हलली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अगदी तसंच. पण एकदा हललेली शेपटी वाऱ्यानेही हललेली असू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. पुन्हा आकडा वर गेला तर किरणं द्यायची. आठवड्याचे पाच दिवस, साधारण सात आठवडे. आकडा लहान आहे तोवरच ती चांगली लागू पडतात. येताना पीएसए घेऊनच या."

मी सगळं समजले. मोगिंगही समजला. परतताना जीपमध्ये माझ्या कानाला लागून, हसत हसत म्हणाला, "पंच्याहत्तर झाली की मी कुणाच्या मशीनखाली झोपणार नाही हं. बाप पंच्याहत्तरला गेला, दोन्ही काका पंच्याहत्तरला. आमच्या घराला देवाने एवढंच माप दिलंय. वर मागायचं नसतं."

मुलांना वाटलं, बाप गंमत करतोय. बावन्न वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली. त्याचं कुठलं हसू दार उघडतं आणि कुठलं कडी लावतं ते मला कळतं. हे कडीचं होतं.

तर शनिवारी पंच्याहत्तरी, सोमवारी डॉक्टर. रोदेलने घराच्या ग्रुपवर बापाबद्दल लिहिलं, 'तातयचा पीएसए शनिवारच्या आत कुणीतरी आणा.' त्या ग्रुपवर सगळे आहेत, एक सोडून. माझी मुलगी लुडिंग हिचा नवरा आर्नेल. तो लुडिंगहून आठ वर्षांनी लहान. नऊ वर्षं झाली लग्नाला, मी त्याला नावाने हाक मारलेली नाही. मी त्याला 'तान्हा' म्हणते. "तान्ह्याला विचार जेवला का. तान्ह्याला सांग पाय पूस." शहरात एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायचं आणि तपासायचं काम करतो तो. म्हणजे अख्ख्या घरात पीएसए म्हणजे काय हे ज्याला नीट कळतं, तोच एक ग्रुपच्या बाहेर. फोन रोदेलचा, पण नियम माझा होता. पुढचं जे झालं त्यात माझा वाटा किती, ते इथेच सांगून टाकलं.

शनिवारी सकाळी दहाला मायलीन, म्हणजे रोदेलची बायको, ट्रायसिकलमधून उतरली ती लढाई जिंकल्यासारखी. छातीशी खाकी पाकीट. स्वयंपाकघरात मी होते, लुडिंग पान्सितच्या शेवया भिजवत होती, आणि मोगिंगची मोठी बहीण तेकला खुर्चीत बसून सगळ्यांना शिकवत होती. तिला मी मानांग म्हणते. मोठ्या बहिणीला आमच्याकडे मानांग म्हणायचंच असतं, आवडो न आवडो.

"आणला!" मायलीन म्हणाली. "गुरुवारी तीन तास रांगेत. पंखा एक, माणसं दोनशे. पुढच्या बाईने मला पानात बांधलेल्या भाताचा अर्धा इबोस दिला म्हणून जिवंत राहिले. पण आणला."

लुडिंगचे हात शेवयांतच थांबले. मी पाकीट घेतलं नाही. छातीत धडधड होत होती, आणि सुनेसमोर मी धडधडत नसते.

"आकडा सांग," मी म्हटलं.

"कसला आकडा?"

"आकडा गं. किती आलाय?"

मायलीनने कागद काढला. "बराच मोठाय नानाय. नोंदणी क्रमांक ना? एकोणीसशे बावन्न, डॅश, मग..."

"एकोणीसशे!" तेकला किंचाळली. "अरे देवा, गेला माझा भाऊ!"

लुडिंगने ओल्या हातांनी कागद हिसकावला. वाचला. पुन्हा वाचला. मग माझी शहाणी, शिकलेली मुलगी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसताना डोळ्यांतून पाणी.

"हा जन्माचा दाखला आहे! वहिनी, तू तातयचा जन्माचा दाखला आणलास!"

"मग?" मायलीन म्हणाली. "पीएसएच सांगितला होता ना? पोराला शाळेत घालताना काय आणायला सांगितलंत? पीएसए. रोदेलच्या बोटीच्या कागदांना काय लागलं? पीएसए. दाखले देणाऱ्या कचेरीचं नावच पीएसए! लग्नाला, पेन्शनला, पासपोर्टला, ह्या देशात कुणीही पीएसए म्हटलं की माणूस दाखल्याच्या रांगेत उभा राहतो! मला काय स्वप्न पडणार, आणखी एक पीएसए असतो आणि तो सासऱ्याच्या रक्तात असतो?"

मायलीनच्या हातातलं पाकीट घेऊन मी उलटं झटकलं. आत आणखी काही नव्हतं.

"पण रक्त?" मी म्हटलं. "त्याने रक्त दिलं नाही, मग आकडा येणार कुठून? हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही?"

"तातयनीच तर सही दिली ना अधिकारपत्रावर," मायलीन म्हणाली. "मी म्हटलं, सही करा, पीएसएसाठी. त्यांनी न वाचता केली. वर म्हणाले, शाब्बास."

शाब्बास! सुई न टोचता काम भागतंय म्हटल्यावर शाब्बासच म्हणणार तो. दवाखान्याचाच कागद असेल असं समजून त्याने सही ठोकली, आणि मला सांगितलं, मायलीन बघतेय सगळं.

मी कागद हातात घेतला. अक्षरं मला जड जातात, पण आकडे नाही. वर्ष होतं एकोणीसशे बावन्न. मी पुन्हा बघितलं. माझं पन्नास. मोगिंगचं एकोणपन्नास असायला हवं. त्याच हिशेबाने तर बाहेर निखाऱ्यांवर डुक्कर फिरत होतं. आणि तारीख आजची नव्हती. नऊ दिवस पुढची होती.

"लुडिंग, हे वाच. हे त्याचंच का?"

"एर्मोहेनेस, त्यांचंच पूर्ण नाव. आईबापाचं नाव तेच. पण नानाय, ह्या हिशेबाने तातय एकाहत्तरचे. नऊ दिवसांनी बहात्तर."

सगळ्या स्वयंपाकघरात एकच बाई बोलायची थांबली होती. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती तेकला छताकडे बघत होती.

"मानांग," मी म्हटलं, "पाली मोजताय का?"

"मला काही माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही असं काही असतं होय?"

तेकलाने आपला झगा सावरला आणि एकदम भडाभडा बोलली. "तूच! तूच कारण त्याला! सगळ्या गावाला सांगत फिरायचीस, नवरा वयाने लहान असला की बाईने लग्न केलं नाही, मूल दत्तक घेतलं म्हणायचं. तो विशीचासुद्धा नव्हता, तू बावीसची. रडत आला माझ्याकडे. आमचा पहिला भाऊ होता, तोही एर्मोहेनेसच. चाळीस दिवसांचा होऊन गेला. मग तीन वर्षांनी हा झाला, आईने तेच नाव ठेवलं. पहिल्याचा बाप्तिस्म्याचा कागद पेटीत होता. तो दिला मी लग्नासाठी पाद्रीबाबांना नेऊन. बस्स. बावन्न वर्षं तोंड शिवून बसलेय, मला मेडल द्यायचं सोडून पाली मोजायला लावतेस!"

म्हणजे मी माझ्या मेलेल्या थोरल्या दिराशी लग्न केलं होतं, कागदावर. आणि साठ वर्षांच्या म्हाताऱ्यांची सवलत त्याने सत्तावन्नाव्या वर्षापासून खाल्ली होती; औषधांवर, नूडल्सच्या वाडग्यावर, सिनेमाच्या तिकिटावर. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मला एकच दिसत होतं. मी मोठी होते. मी, लुडिंगला तिच्या लग्नाच्या दिवशी 'बाळाला झोपवून ये मग फोटो काढू' म्हणणारी, बावन्न वर्षं एका लहान पोराबरोबर संसार करत होते.

लुडिंग माझ्याकडे बघत होती.  बोलली असती तर बरं झालं असतं.

"ही गोष्ट ह्या चार भिंतींत," मी म्हटलं. मायलीनने मान हलवली. मायलीनच्या मानेवर माझा विश्वास नाही, म्हणून तिला कांदे सोलायला बसवलं.

मोगिंग आमच्या माशांच्या तळ्याच्या बांधावर, पाणी सोडायच्या फळीजवळ बसला होता. नवा पांढरा सदरा, पाय पाण्यात.

"तुझा जन्म कधीचा रे?" मी विचारलं.

"आजचा. खोटं वाटत असेल तर डुकराला विचार."

मी कागद पुढे धरला. त्याने बघितला. मग पाण्याकडे बघितलं.

"तेकलाने सांगितलं?"

"सरकारने सांगितलं. तीन तास रांगेत उभं राहून तुझी सून घेऊन आली. तू सही दिलीस. शाब्बासही म्हणालास."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मी पंचेचाळीस किलोचं आणखी एक डुक्कर दिलं असतं.

"रागावलीस?"

"राग रांगेत उभा आहे. त्याचा नंबर नंतर. आधी सांग, आज आकडा नाही म्हणून सोमवार टळला असं वाटलं ना तुला?"

"टळला तर बरंच." त्याने पायाने पाणी ढवळलं. "बासियोन, मी घाबरत नाही मरायला. पण त्या ऑपरेशननंतरचे सहा महिने आठव. लंगोट बांधून फिरत होतो. तूच धुवायचीस. मला पुन्हा कुणाच्या हातात तसं जायचं नाही. पंच्याहत्तर झाली, माणूस सुटला."

त्याने हे पहिल्यांदा सांगितलं. कडीच्या मागे हे होतं तर.

"मी तक्रार केली कधी?"

"नाही केलीस. म्हणूनच."

मी त्याच्याशेजारी बसले. नव्या सायाचा घेर चिखलात गेला, जाऊ दे म्हटलं. बोलताना आवाज फुटेल म्हणून मी सौदाच केला. सौद्यात माझा आवाज फुटत नाही.

"आज रक्त दे. नुसतं रक्त. आकडा काय तो कळू दे. तू दिलंस तर हा कागद माझ्या चोळीत राहील, कुणाला दिसणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

त्याला स्वतःचा लहानपणा झाकायचा होता, मला माझा मोठेपणा. दोघांचं त्यात भलं होतं, म्हणून त्याने हात पुढे केला.

आर्नेल सकाळी सहापासून निखाऱ्यांपाशी डुकराचा बांबू फिरवत होता. हे पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. तो म्हणतो, मागून 'आर्नेल' अशी हाक आली तेव्हा त्याला वाटलं, दुसरा कुणी आर्नेल आलाय. त्याने वळून बघितलं तर सासू. बांबू सुटता सुटता राहिला. पंचेचाळीस किलो निखाऱ्यांत गेले असते तर नाव परत घेतलं असतं मी.

"तुझी ती पेटी आणलीस का? सुईची?"

"गाडीला असतेच, नानाय."

"तुझ्या सासऱ्याचं रक्त काढ. आजच्या आज आकडा पाहिजे. जमेल?"

त्याने कारण विचारलं नाही. हात धुतले, दोनदा. "मागचं रक्त आमच्याच प्रयोगशाळेत तपासलं होतं ना? मग तिथेच नेतो. दुसऱ्या मशीनवर आकडा जरा इकडेतिकडे होतो, मग वाढला की मशीन बदलली ते कळत नाही." नऊ वर्षांत माझ्याशी एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला. बरं बोलतो.

मोगिंगला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आर्नेलने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. "तातय, मूठ आवळा."

"पार्टीला येणारे भेट आणतात," मोगिंग म्हणाला, "आणि जावई माझ्यातलंच घेऊन चाललाय."

"परत आणून देतो, आकडा करून."

दुखलं नाही, हे मोगिंगने मान्य केलं. नळी कपड्यात गुंडाळून, माशांच्या बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला टेकणार नाही अशी ठेवली, आणि तो मोटारसायकलवर गेला. डुकराचा बांबू रोदेलच्या हातात आला. अर्ध्या तासात त्याने एक बाजू करपवली. इंजिन सांभाळतो म्हणे.

शहरात शनिवारी प्रयोगशाळा अर्धी रिकामी होती. आर्नेलने रक्त फिरवलं, मशीनला लावलं आणि स्टुलावर बसून राहिला. रोज शंभर लोकांचे आकडे त्याच्या हातून जातात, म्हणाला. कागद निघतो, तो टाचतो, पुढचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मशीनकडे पाठ करून बसावंसं वाटलं. आकडा आला. त्याने तेच रक्त पुन्हा लावलं. पुन्हा तोच आला. मग बाहेर जाऊन थंड पाण्याची बाटली घेतली आणि न पिता हातात धरून उभा राहिला. आज सकाळी त्या घरात त्याला नाव मिळालं होतं, आणि संध्याकाळी हेच नाव लक्षात राहणार होतं, वाईट बातमी आणणारा म्हणून. त्याने गाल्लेगोबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "लपवू नका, वाढवूनही सांगू नका. सोमवारी या. अजून लहान आहे."

तो परतला तेव्हा चार वाजले होते. अंगणात साठ माणसं, डुकराची पाठ संपून पाय उरलेले. रोदेलचा मधला मुलगा व्हिडिओकेवर, गाण्याच्या मशीनवर, बेंबीच्या देठापासून किंचाळत होता. गेटमधून मोटारसायकल आत आली आणि स्वयंपाकघरातल्या आम्ही चौघीजणी एकदम उभ्या राहिलो.

"आत चला तातय," आर्नेल म्हणाला.

"इथेच सांग," मोगिंग म्हणाला. त्याने तुबा, म्हणजे माडी, प्यायली होती, एकच पेला, पण वाढदिवसाचा मोठा. "सगळे माझेच आहेत. मी कुणापासून काही लपवत नाही."

मला खोकला आला.

आर्नेलने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"शून्य पॉइंट तीन. दोनदा तपासला."

नेमकं तेव्हाच गाणं संपलं, बँड वाजला आणि व्हिडिओकेने पडद्यावर गाण्याचे गुण दाखवले: अठ्ठ्याण्णव! पोरं टाळ्या पिटायला लागली. त्या दिवशी घरात दोन मशिनींनी आकडे दिले, आणि मोठ्या आकड्याचा उपयोग काही नव्हता.

मग सुरू झालं. रोदेल म्हणाला, "मनिलाला नेऊ. इथल्या मशीनवर माझा विश्वास नाही." लुडिंग म्हणाली, "इथल्या मशीनवर माझा नवरा बसतो." तेकला म्हणाली, डोंगरात एक बाई आहे, पाल्याचा रस देते, अमक्याला गुण आला. मायलीन म्हणाली, "तो अमका गेला मागच्या महिन्यात, तिया तेकला." "गुण येऊन गेला!" तेकला म्हणाली. सकाळी एकीकडे असलेले दुपारी दुसरीकडे झाले. रोदेल तेकलाकडून, मायलीन नवऱ्याला सोडून लुडिंगकडून. गंमत म्हणजे सगळे आर्नेलकडे तोंड करून भांडत होते, जणू तोच न्यायाधीश.

तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या किरणं लवकर सुरू करायची. आकडा एकाच्या आत आहे, बराच आत. आता दिली तर बरीचशी माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात. थांबलो तर तो थांबणार नाही."

मोगिंग उठला. पेला वर धरला. ते हसू आलं, कडीचं.

"ऐका. मी रक्त देईन म्हणालो, दिलं. आता माझं ऐका. आज माझी पंच्याहत्तर झाली. बापाचं माप तेवढं, माझंही तेवढं. ह्यापुढे सुई नाही, मशीन नाही. जे दिवस आहेत ते डुक्कर खाऊन काढू. आणि रडायचं नाही."

लोक काय, टाळ्या वाजवतात. म्हाताऱ्याने पेला धरून काही म्हटलं की टाळ्या वाजवायच्या असतात. कुणी तरी 'वा, वा' म्हणालं. लुडिंगने तोंड फिरवलं.

मी तिथे बसून होते आणि चोळीत तो कागद टोचत होता. माझ्या डाव्या हाताला शेजारीण, उजव्या हाताला चर्चच्या मंडळाच्या चार बायका, ज्यांना मी लुडिंगच्या लग्नाबद्दल काय काय ऐकवलं होतं ते त्यांना तोंडपाठ. बोलले तर पुढच्या रविवारपर्यंत गावातल्या प्रत्येक चुलीवर मी शिजणार. नाही बोलले तर तो शपथेमागे आणि हसण्यामागे बसून राहणार, आणि आकडा वाढणार. त्याला त्याचं मरण तेवढं दिसत होतं. धुवायला लंगोटही नसेल त्या घरात मला राहायचं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

मी उठले. व्हिडिओकेचा माइक घेतला. माझा आवाज तसा पुरतो, पण चर्चच्या मंडळातल्या एकीला कमी ऐकू येतं, आणि अर्धवट ऐकून ती पुढे सांगणार त्यापेक्षा पूर्ण ऐकलेलं बरं.

"हा माणूस पंच्याहत्तरचा नाही," मी म्हटलं. "एकाहत्तरचा आहे. हा त्याचा पीएसए."

"बासियोन!" मोगिंग ओरडला. "शपथ घेतलीस तू!"

"शपथ मी पंच्याहत्तर वर्षांच्या माणसापुढे घेतली होती. तो चाळीस दिवसांचा होऊन गेला, बिचारा. देव त्याला शांती देवो. तू दुसरा आहेस. तुझं माप अजून भरायचंय."

मग मी सगळं सांगितलं. पाद्री, पेटी, कागद. शेवटी राहिलं तेही सांगितलं. "मी चौऱ्याहत्तरची. म्हणजे मी मोठी. बावन्न वर्षं माझा नवरा तान्हा आहे, आणि मला त्याचा काही त्रास झालेला नाही." मग माइक तोंडापासून जरा लांब धरला. "आर्नेल, इकडे ये. टेबलाशी बस. डुकराचा कान ठेवलाय तुझ्यासाठी, कुरकुरीत आहे."

 मग तेकला हसायला लागली, ती बावन्न वर्षांचं साठवलेलं हसू हसली, खोकेपर्यंत. मग मंडळाच्या बायका. मग अख्खं अंगण. मोगिंग एकटा पेला धरून उभा, आणि नातवंडं आपल्या लोलोभोवती, आजोबाभोवती नाचत, "लोलो तान्हा! लोलो तान्हा!"

"म्हणजे आज माझा वाढदिवससुद्धा नाही," तो म्हणाला.

"नाही," रोदेल म्हणाला. "नानाय, मी तीस किलो म्हणत होतो."

मोगिंग खाली बसला. आर्नेल त्याच्याशेजारी, कान चावत. मोगिंगने पेला खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "त्या किरणांनी पुन्हा तसं होतं का? लंगोटाचं?"

आर्नेलने चावणं थांबवलं. "थोडा त्रास होऊ शकतो, तातय. जळजळ, सारखं जावं लागणं. होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण ऑपरेशनसारखं नसतं. रोज दहा-पंधरा मिनिटं झोपायचं, आणि घरी यायचं."

"रोज नेणार कोण?"

"मी जातोच ना शहरात रोज. मागे बसा."

"तुझ्या मोटारसायकलवर? मी एकाहत्तरचा आहे, लेका!"

"तेच म्हणतेय," मी म्हटलं, "लहान आहेस, पकडून बसशील."

तो हसला. ह्या हसण्याला कडी नव्हती.

सोमवारी आम्ही गेलो. जीपनेच, पहिला दिवस म्हणून. गाल्लेगोबाईंनी कागद बघितला आणि खालच्या मजल्यावर किरणांच्या खिडकीशी नाव घालायला पाठवलं. खिडकीत एक चुणचुणीत पोरगी बसली होती.

"वय?"

मोगिंगने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"एकाहत्तर," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी बहात्तर."

"बरोबर कोण आलंय? नातं काय?"

बावन्न वर्षांत त्या माणसाने मला कधी नावाशिवाय हाक मारली नव्हती. तो खिडकीवर कोपर टेकवून, गावातला सगळ्यात देखणा पोरगा असल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "ही माझी मानांग."

पोरीने लिहायला सुरुवातही केली.

"खोड ते," मी म्हटलं. "बायको लिही."